पाणी मागून भरतं

नव्या तुकडीचा पहिलाच बंदोबस्त, तोही अनंत चतुर्दशीचा. दापोली तालुक्यातली एक लांबलचक पुळण, म्हणजे समुद्राकाठची वाळू, आणि माझ्या हाताखाली अठरा होमगार्ड. कोणी रिक्षावाला, कोणी आंब्याच्या बागेत कामाला जाणारा, आणि एक हर्णै बंदरावरून मासळी उचलून वाडीवाडीत विकणारी सून.

होमगार्ड म्हणजे पगारी पोलीस नव्हे. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत, दंगलींच्या काळात हे दल उभं राहिलं, ते स्वयंसेवकांचंच. आपला धंदा सांभाळायचा आणि बोलावणं आलं की खाकी चढवायची. बोलावल्यावर कायद्याने पोलिसाचे अधिकार मिळतात, बंदोबस्त संपला की तेही खाकीबरोबर उतरतात. कवायत पायात बसते, लाठी हातात बसते, शिट्टीच्या खुणा दोन दिवसांत येतात. पण ज्या वाडीत उद्या टोपली घेऊन जायचं आहे, तिथल्याच माणसाला आज अडवायचं, हे मैदानावर शिकवता येत नाही. मी पुष्कळदा प्रयत्न केलाय.

पाचच्या सुमाराला पाणी खूप आत गेलं होतं. मी घाटावरचा, साताऱ्याकडचा. पाण्यापासून वीस पावलं सोडून बांबू रोवायला लावले, दोरी ताणली. दोरीपर्यंत भाविक, पुढे फक्त पोहणारी पोरं. ती मासळी विकणारी जवळ आली, सॅल्यूट केला आणि म्हणाली, "सर, दोरी हितं नको."

मी कारण विचारलं. तिने बोटांवर हिशोब मांडला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणजे सकाळी साडेदहाला पूर्ण भरती झाली. त्यावर सव्वासहा तास, पावणेपाचला ओहोटी संपली. आता पाणी चढायला लागलंय. गौरी-गणपतीला भांगाचं पाणी असतं, फार चढत-उतरत नाही. चतुर्दशीला पुनव तोंडावर, म्हणून उधाण. मग तिने मागे बोट दाखवलं. दोरी आणि किनारा यांच्यामध्ये वाळूत एक लांब चर होता, कोरडा, पायाखालून सहज जाणारा. "पाणी पुढनं दिसतं, पण भरतं मागनं. पयला हा चर भरतो. मानसं उंचवट्यावर अडकतात, अंधारात परत फिरताना गळ्याएवढ्या पाण्यात उतरतात."

दोरी चराच्या अलीकडे घेतली. तिथून समुद्र इतका लांब दिसत होता की लोक चिडणार, हे मला तेव्हाच कळलं.

साडेसहानंतर मिरवणुका उतरल्या. ढोल, गुलाल, "पुढच्या वर्षी लवकर या". दोरीवर कुरबुर सुरू झाली, पण लोक ऐकत होते. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ डोक्यावर पाट घेऊन दोरी ओलांडायला निघाले. माझा बाप्पा मीच पोचवणार, इतकी वर्षं मीच पोचवलाय, असं त्यांचं म्हणणं. मी पुढे होणार तोच ती आडवी उभी राहिली.

"मामंजी, हितंच थांबा."

तिचे सासरे होते ते. आजूबाजूला सगळी त्यांचीच वाडी. ढोल थांबला. ते काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही, पण तिची मान खाली गेली. पाय मात्र हलले नाहीत. शिट्टी नाही, लाठीला हात नाही. तिने दोन्ही हात पुढे केले आणि पुन्हा म्हणाली, "मी ड्युटीवर हाय, मामंजी. आरती हितं करा, पाट पोरांकडे द्या. पोरं दोर बांधून जातील."

किती वेळ गेला असेल? मला तो फार मोठा वाटला. शेवटी आरती झाली आणि म्हाताऱ्याने पाट पोरांच्या हातात दिला. तिच्याकडे न बघता.

साडेसातला मी बॅटरी मारली. चर काठोकाठ भरला होता. त्याच्या पलीकडे, माझे पहिले बांबू जिथे रोवले होते, तिथे लाटा फुटत होत्या. त्या रात्री किनाऱ्यावरून प्रत्येक माणूस घरी गेला.

आता माझ्या प्रत्येक तुकडीचा पहिला तास तिथी आणि भरती-ओहोटीचा असतो. तो तीच घेते.

त्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती हजेरीला वेळेवर आली होती. घरी काय झालं, असं मी विचारलं.

"बोलत नाहीत अजून," ती म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.