केसपेपरच्या खिडकीपाशी

मागच्या पावसाळ्यात शेजारचा एकोणीस वर्षांचा मुलगा चाचरत माझ्याकडे आला आणि ‘काका, घरी सांगू नका’ असे म्हणून त्याने सांगितले, की जननेंद्रियावर एक न दुखणारी जखम झाली होती, मेडिकलवाल्याने दिलेल्या मलमाने ती तीन आठवड्यांत भरली, पण मनातली धास्ती काही जात नाही. धास्ती रास्तच होती. सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजाराची पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि औषधाशिवायही आपोआप भरून येते. जंतू शरीरातच राहतात आणि श्रेय मात्र मलमाला मिळते.

आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. केसपेपरच्या खिडकीवर ‘काय होतंय?’ हा प्रश्न मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात आला आणि कागदावर ‘गुप्तरोग’ हा शब्द ठळक उमटला. (लोकलच्या डब्यांतल्या भोंदू वैद्यांच्या जाहिरातींनी हा शब्द आधीच पुरता नासवला आहे.)

आत, सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी दवाखान्यात, वेगळेच जग होते. समुपदेशिकेने दार लावून घेतले, रक्त तपासले गेले, संमती विचारून एचआयव्हीचीही चाचणी झाली आणि पेनिसिलिनचे इंजेक्शन मोफत मिळाले. या क्लिनिकांत लक्षणांनुसार औषधांचे रंगीत किट देतात: जखमेसाठी पांढरे, मूत्रमार्गातील स्रावासाठी राखाडी, ओटीपोटातील दुखण्यासाठी पिवळे. आलेला रुग्ण पुन्हा येईलच याची खात्री नसल्याने पहिल्याच भेटीत औषध पोटात जावे, हा त्यामागचा व्यवहारी विचार मला पटतो. मात्र लक्षणच नसेल, तर ही पद्धत हतबल ठरते. क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गाची लागण झालेल्या बहुतेक मुलींना काहीच जाणवत नाही आणि पुढे त्यातूनच वंध्यत्व येऊ शकते.

दहा ते एकोणीस वयोगटासाठी 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे आणि महाराष्ट्रात त्याची केंद्रे ‘मैत्री’ नावाने ओळखली जातात. परंतु अठराच्या आतील मुलीचे लैंगिक संबंध डॉक्टरांना कळले, तर बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार त्यांना पोलिसांना कळवावेच लागते. गर्भपाताच्या बाबतीत अशा मुलीचे नाव न सांगण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिली. स्राव किंवा जखम घेऊन येणाऱ्या मुलीला तेवढाही आडोसा दिसत नाही, त्यामुळे ती मेडिकलच्या दुकानातच थांबते.

निघताना समुपदेशिकेने त्याच्या हाती जोडीदारासाठी चिठ्ठी दिली, कारण दोघांवर उपचार झाले नाहीत तर आजार फिरून त्याच्याकडेच येणार होता. त्याची मैत्रीण वीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. पंधरा दिवसांनी तिने उपचार घेतले, पण शेजारच्या जिल्ह्यात जाऊन. आमच्याकडच्या त्या खिडकीवर तिच्या मामांचे मित्र बसतात.