आमची वाटचाल : हरलेल्या मॅचच्या रेकॉर्डिंगपासून

ऑनलाइन गेमच्या स्पर्धा आयोजकांसाठी चालवून देणं हा आमच्या छोट्या कंपनीचा धंदा. नोंदणी, ड्रॉ, वेळापत्रक, रेकॉर्डिंगची तपासणी, तक्रारींचा निवाडा, सगळं आम्ही बघतो. त्याच्या जोडीला नवख्या खेळाडूंची एक मोठी ऑनलाइन कम्युनिटी सांभाळतो. खरं तर ही कम्युनिटी आधीची, धंदा तिच्यातून निघाला. आणि दोन्हीच्या मुळाशी एकच मालिका आहे : 'एज ऑफ एम्पायर्स', म्हणजे वस्ती वाढवून सैन्य उभारायचे आणि लढायचे स्ट्रॅटेजी गेम.

मालिकेतला पहिला गेम १९९७ मध्ये आला, दुसरा, 'एज ऑफ किंग्ज', १९९९ मध्ये, आणि त्याचं 'द कॉन्करर्स' हे एक्स्पान्शन, म्हणजे जोडभाग, २००० मध्ये. आमचा जीव जडला तो 'एज ऑफ किंग्ज'वर. आमच्यासारख्या असंख्य लोकांचा जडला, म्हणूनच तो टिकला. मायक्रोसॉफ्टच्या ज्या 'झोन' या ऑनलाइन सेवेवर तो खेळला जायचा, तिथला त्याचा मुक्काम २००६ मध्ये संपला. तो बनवणारी एन्सेम्बल स्टुडिओज २००९ मध्ये बंद झाली. तरी खेळणारे हटले नाहीत. त्यांनी खेळायच्या जागा स्वतः उभ्या केल्या. काही चाहत्यांनी 'फॉरगॉटन एम्पायर्स' नावाचा मॉड, म्हणजे गेममध्ये चाहत्यांनी केलेली भर, बनवला आणि २०१३ मध्ये तोच 'द फॉरगॉटन' या नावाने अधिकृत एक्स्पान्शन म्हणून विक्रीला आला. मॉड करणारी हीच मंडळी पुढे स्टुडिओ म्हणून 'एज ऑफ किंग्ज'च्या २०१९ च्या नव्या आवृत्तीच्या, 'डेफिनिटिव्ह एडिशन'च्या कामात होती. हौसेतून पोटापाण्याचं काम उभं राहू शकतं, हे आम्ही त्यांच्याकडे बघून शिकलो.

मी आणि माझी भागीदार एकमेकांविरुद्ध खेळताना ओळखीचे झालो. एकदा ती सहज जिंकली आणि नंतर तिने मला रेकॉर्डिंग उघडायला सांगितलं. कुठल्या मिनिटाला माझं टाउन सेंटर, म्हणजे व्हिलेजर तयार करणारी मुख्य इमारत, रिकामं बसलं होतं ते तिने दाखवलं. हा गेम सुरू होतो तेव्हा हातात तीन व्हिलेजर (कामकरी), एक स्काउट (टेहळणी करणारा स्वार) आणि २०० फूड असतं. एका व्हिलेजरला ५० फूड आणि २५ सेकंद लागतात. म्हणजे पहिले चार व्हिलेजर एका दमात रांगेला लावता येतात आणि तेवढ्या एक मिनिट चाळीस सेकंदांत मेंढ्या शोधून पुढच्या फूडची सोय करायची. नवखा खेळाडू लढाईत हरलो म्हणतो, पण त्याचा पराभव बहुतेक वेळा इथेच ठरलेला असतो. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिने सांगितलं, आणि तेही न हसता.

हेच आम्ही दोघांनी इतरांसाठी करायला घेतलं. हरलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग पाठवा, आपण मिळून बघू, एवढंच आवाहन. डिस्कॉर्डवर एक खोली उघडली आणि लोक येत गेले.

रेकॉर्डिंग पाठवणं इतकं सोपं का, हे कळलं की या गेमबद्दलचा आदर वाढतो. त्या फाइलमध्ये चित्रं नसतात. सुरुवातीची स्थिती आणि खेळाडूंनी दिलेले हुकूम, एवढंच त्यात असतं, म्हणून ती लहान असते. मूळ गेम मंद मोडेमवर चालवायचा होता. शेकडो सैनिकांची जागा क्षणोक्षणी पाठवणं शक्यच नव्हतं, म्हणून एन्सेम्बलच्या लोकांनी फक्त हुकूम पाठवायचे ठरवले. प्रत्येक कॉम्प्युटरने तोच खेळ आपापल्या जागी तंतोतंत चालवायचा. यातला धोका त्यांनीच २००१ मध्ये एका लेखात मांडला आहे : एका कॉम्प्युटरवर एखादं हरीण किंचित वेगळ्या दिशेला तोंड करून उभं राहिलं, तर ते वेगळीकडे चरतं, काही मिनिटांनी एका व्हिलेजरचा भाला चुकतो, आणि बघता बघता दोन खेळाडू दोन वेगळे गेम खेळत असतात. खेळाडूंना 'आउट ऑफ सिंक' एवढीच सूचना दिसते. तिच्यामागे हे सगळं घडलेलं असतं.

फाइल हुकूम सांगते, त्यांचं पुढे काय झालं ते सांगत नाही. ते कळायला खेळ पुन्हा चालवून डोळ्यांनी बघावा लागतो. आमची कम्युनिटी उभी राहिली ती या बघण्यावर. गेम आवडतो म्हणून जमलेले लोक थोड्या दिवसांत पांगतात. एकमेकांचे गेम बघायला बसलेले लोक मात्र टिकतात, असा आमचा ठाम अनुभव आहे.

एक उदाहरण देतो. एका नवीन मुलीने रेकॉर्डिंग पाठवलं. रानडुकराच्या मागे पाठवलेले तिचे व्हिलेजर एकामागून एक मरत होते. तिला वाटत होतं की आपले हात हळू आहेत. आम्ही चौघा-पाचांनी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा बघितला. ती व्हिलेजरला हल्ला करायला सांगून तिथेच उभं ठेवत होती. व्हिलेजरचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, २५, डुकराचा प्रत्येक फटका सातचा, चार फटक्यांत खेळ खलास. दोन बाण मारून लगेच टाउन सेंटरकडे पळायचं, डुक्कर मागे येतं, आणि तिथे मेंढ्यांवरचे बाकीचे व्हिलेजर त्याच्यावर सोडायचे. आधी ५० गोल्ड खर्चून टाउन सेंटरमधली 'लूम' ही सुधारणा केली तर १५ हिट पॉइंट जास्त मिळतात, सावरायला वेळ मिळतो. तिने त्याच रात्री ३४० फूडचं ते डुक्कर घरी आणलं आणि खोलीत '११', '११' असे आकडे पडायला लागले. अकरा नंबरचा टाँट, म्हणजे आकडा टाइप केला की वाजणारा तयार आवाज, हा गेममधलं खळखळून हसणं, ते मालिकेच्या चाहत्यांना सांगायला नको. आज ती स्वतः नवख्यांची रेकॉर्डिंग बघते.

खोलीचा एकच नियम आहे : 'तू वाईट खेळलास' म्हणायचं नाही, कितव्या मिनिटाला काय झालं ते सांगायचं. मिनिट सांगितलं की बोलणं माणसावरून गेमवर येतं. हा नियम आम्ही आजही सैल होऊ दिलेला नाही आणि तो न पाळणाऱ्या चांगल्या खेळाडूंनाही आम्ही निरोप दिला आहे.

धंद्याकडे वळलो ते 'डेफिनिटिव्ह एडिशन' आल्यानंतर. रेटिंगनुसार जोड्या लावणारी व्यवस्था आली, नवे लोक आले आणि नवख्यांसाठी स्पर्धा भरवणारे आयोजकही आले. त्यांची सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे स्मर्फ, म्हणजे मुरलेला खेळाडू जो नवीन अकाउंट काढून खालच्या रेटिंगमध्ये घुसतो. रेटिंगच्या आकड्यावरून तो सापडत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये लपत नाही. टाउन सेंटरची रांग कधी तुटत नाही, डुक्कर वेळेवर येतं, पुढच्या युगात, फ्यूडल एजमध्ये, जायचं बटण ५०० फूड झाल्या क्षणी दाबलेलं असतं. ही नजर आमच्याकडे होती. एका आयोजकाने तपासणीचं काम पैसे देऊन आमच्याकडे सोपवलं, मग दुसऱ्याने, आणि आम्ही रीतसर कंपनी काढली.

बाकीची कामं त्या मागोमाग आली. मॅच मध्येच तुटली तर सेव्हवरून ती 'रिस्टोअर' करायची की नव्याने खेळवायची, हा निर्णय घाईत घ्यावा लागतो आणि तो दोन्ही खेळाडूंना पटवून द्यावा लागतो. लांबच्या खंडांतल्या दोघांची मॅच असेल तर सर्व्हर कुठला, हे आधीच लिहून ठेवावं लागतं, कारण या गेममध्ये एकाचं कनेक्शन अडखळलं की सगळ्यांना थांबावं लागतं. प्रक्षेपण मुद्दाम उशिरा दाखवावं लागतं, नाहीतर प्रतिस्पर्ध्याचा डाव कोणीही बघून घेईल. गेमला नवा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, आला की जुनी रेकॉर्डिंग चालत नाहीत, कारण बदललेल्या गेमवर तेच हुकूम वेगळंच काही घडवतात. म्हणून वाद असलेली मॅच पॅचच्या आधी बघून संपवायची, हे आमच्या कामाच्या वेळापत्रकात पक्कं आहे. आणि जुन्या फाइलींतून निदान हुकूम तरी वाचता यावेत म्हणून आम्ही स्वतःचं एक छोटं टूल लिहिलं.

आता इतर स्ट्रॅटेजी गेमचे आयोजकही आमच्याकडे येतात. त्यांचं काम आम्ही घेतो, पण आधी विचारतो की तुमच्या खेळाडूंना हरल्यानंतर बोलायला जागा कुठे आहे? नसेल तर स्पर्धेसोबत तीही उभी करून देतो आणि पहिले काही आठवडे आमचे जुने लोक तिथे बसतात. नवख्यांची खोली मात्र आम्ही कधी विकायला काढली नाही. तिथे रेकॉर्डिंग बघायचे पैसे लागत नाहीत. सध्या तिथे टीम गेमची रेकॉर्डिंग बघायला सुरुवात झाली आहे. आठ खेळाडूंचे हुकूम एकाच वेळी बघायचे म्हणजे जास्त माणसं लागतात, आणि ती येत आहेत.