बासष्ट नंबर

१३ सप्टेंबर २०२१, सोमवार. रात्रभर जागून नुकता आडवा झालो होतो, तेवढ्यात टीम लीडचा मेसेज. ‘अरे, कॅन्सस सिटीला लेफ्ट गार्डच नाही का? आणि सेंटर दोन?’

अमेरिकन फुटबॉलच्या मॅचेसचं टॅगिंग करतो म्हटलं की लोकांना वाटतं, याला मॅच बघायचे पैसे मिळतात. मिळतात, पण चेंडू बघायची सोय नाही. माझ्याकडे ऑफेन्सिव्ह लाइन. मधे सेंटर, तो दोन पायांमधून चेंडू मागे देतो. त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. मागच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, अडीच-तीन सेकंद मिळवून द्यायची, यासाठी ही पाच धिप्पाड माणसं असतात. कोणी कोणाला अडवलं, कोण हरला, हे एकेक खेळी पुढे-मागे करून भरायचं. पुण्यात, घरी, लॅपटॉपवर.

तेव्हा चीफ्सची, म्हणजे कॅन्सस सिटीच्या टीमची, लाइन मला तोंडपाठ होती, कारण फेब्रुवारीतला सुपर बोल, मोसमाची फायनल. आपल्याकडे सोमवारची पहाट. डावा टॅकल एरिक फिशरची टाचेवरची शीर दोन आठवड्यांपूर्वी तुटलेली, उजवा मिचेल श्वार्त्झ पाठीमुळे बाहेर. एक गार्ड, डुव्हर्ने-टार्डिफ, डॉक्टर. तो कोविडमुळे पूर्ण मोसम सोडून माँट्रिअलजवळ रुग्णसेवेत. मग उजवीकडच्या रेमर्सला डावीकडे ढकललं, गार्ड असलेल्या वायलीला टॅकल केलं. समोरच्या टँपाने फारशी जादा माणसं न पाठवताही क्वार्टरबॅक महोम्सला सुचू दिलं नाही. एका खेळीत तो पडता पडता, जवळजवळ आडवा होऊन चेंडू फेकतो आणि तो थेट आपल्याच माणसाच्या हेल्मेटवर आदळतो. ती खेळी मी वीसेक वेळा तरी मागे घेतली असेल. ९-३१ ने हरले.

पुढे जे झालं ते आमच्या कामात क्वचित दिसतं. मार्चमध्ये फिशर, श्वार्त्झ दोघांनाही मोकळं केलं. न्यू इंग्लंडचा जो थूनी ५ वर्षांसाठी ८ कोटी डॉलर्सला आणला. एप्रिलमध्ये ड्राफ्टमधली, म्हणजे टीम्स पाळीपाळीने कॉलेजचे नवे खेळाडू निवडतात त्यातली, पहिल्या फेरीची निवड बाल्टिमोरला देऊन ऑरलँडो ब्राउन घेतला. ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत सेंटर क्रीड हम्फ्री, सहाव्यात ट्रे स्मिथ. स्मिथला कॉलेजात फुप्फुसात रक्ताच्या गाठी झाल्या होत्या, म्हणून सगळे त्याला टाळत राहिले आणि तो २२६ व्या नंबरला मिळाला. उजव्या टोकाला लुकास नियांग, आदल्या वर्षी कोविडमुळे न खेळलेला. पाचच्या पाच नवे! बरं, एखादा बदलला तर बाकीचे सांभाळून घेतात. इथे सांभाळणारं कोणी उरलंच नव्हतं.

क्लीव्हलंडविरुद्धची मोसमातली पहिली मॅच आपल्या रात्री दोनच्या सुमारास सुरू झाली. हम्फ्री डावखुरा, चेंडू डाव्या हाताने मागे देतो. डोळ्याला ते इतकं खटकत होतं की मी त्याच्या हातातच अडकलो. जुना टेम्प्लेट बदलायचा राहिला. त्यात ६२ म्हणजे सेंटर, ऑस्टिन रायटर. आता ६२ चा शर्ट थूनीच्या अंगावर, आणि तो लेफ्ट गार्ड. मी ५२ नंबरचा हम्फ्री सेंटर म्हणून नव्याने घातला, सॉफ्टवेअरने ६२ आपलं आपण सेंटर करून टाकलं. पूर्ण मॅचभर.

‘टेम्प्लेट जुना होता, माझी चूक,’ मी लिहिलं.

‘दुपारपर्यंत दे. आणि नंबर नको बघूस, माणूस बघ.’

चहा टाकला आणि पहिल्या खेळीपासून बसलो. मॅच चीफ्सने ३३-२९ ने जिंकली होती, पण हाफटाइमला ते १०-२२ ने मागे होते, हे मला तेव्हा कुठे कळलं.

फेब्रुवारी २०२३ चा सुपर बोलही माझ्याकडेच आला. २०२१ च्या फायनलला सुरुवात केलेल्या पाचांतला आता एकटा वायली सुरुवातीच्या लाइनमध्ये होता. समोर फिलाडेल्फिया, त्या मोसमात ७० सॅक केलेली, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच ७० वेळा पाडलेली टीम. चीफ्स ३८-३५ ने जिंकले. शीट पाठवली तर पुन्हा मेसेज. ‘महोम्सच्या सॅकचा कॉलम भरायचा राहिलाय.’

‘राहिला नाहीये,’ मी लिहिलं.