आमची वाटचाल: ठिबकची जुनी नळी, दाणा आणि सबसिडी

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळी ठिबकशिवाय होत नाही आणि ठिबकची नळी जन्मभर टिकत नाही. आत क्षार बसतात, खारी आणि उंदीर कुरतडतात, कुदळीचा घाव लागतो. काही हंगाम गेले की शेतकरी सगळ्या नळ्या ओढून बांधावर टाकतो. पूर्वी त्या तिथंच पेटवायचे. आता आम्ही उचलतो, धुतो, वितळवतो आणि प्लास्टिकचा काळा दाणा करून पाइपवाल्यांना विकतो. एवढाच आमचा कारखाना.

नवी नळी टाकायला शेतकऱ्याला 'प्रति थेंब अधिक पीक'मधून अनुदान मिळतं. केंद्राच्या नियमाने लहान शेतकऱ्याला ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५; वर राज्याची भर पडून लहान शेतकऱ्याचं ८० टक्क्यांपर्यंत जातं. सात वर्षांनी त्याच क्षेत्रासाठी पुन्हा अर्ज करता येतो. जुनी नळी कुठं गेली, हे त्या अर्जात कुणी विचारत नाही. ती उचलणाऱ्यालाही सरकार मदत करतं, पण दुसऱ्या खात्यातून, दुसऱ्या योजनेखाली. ह्या दोन फायलींची एकमेकींशी ओळख नाही. दुसरी फाईल आमची. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, "ताई, सबसिडी किती मिळाली?" त्याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझे मिस्टर ठिबकचे फिटर. मी केळीच्या आडतीवर हिशेब लिहायचे. बांधावरचा ढीग रोज ह्यांच्या नजरेला पडायचा. तोच माल भंगारवाले किलोवर उचलून गुजरातेत पाठवतात, हे मला आडतीवरच्या ट्रकवाल्यांकडून कळलं. इथून भाडं भरून माल जातो आणि त्याचाच दाणा होऊन महाराष्ट्रात परत येतो, तर मधलं काम इथंच का होऊ नये? २०१८ च्या पावसाळ्यात जिल्हा उद्योग केंद्रात गेलो. तिथं पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम सांगितला गेला.

ह्या योजनेचं गणित आधी समजून घ्या. उत्पादनाच्या प्रकल्पाला तेव्हा २५ लाखांची मर्यादा होती, २०२२ मध्ये ती ५० लाख झाली. शहरात सर्वसाधारण गटाला १५ टक्के अनुदान, ग्रामीण भागात २५. महिला, मागासवर्गीय, माजी सैनिक वगैरे विशेष गटाला शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण गटाला १० टक्के, विशेष गटाला ५. जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. शेड, यंत्रं आणि थोडं खेळतं भांडवल धरतात. आमची जागा ग्रामपंचायत हद्दीत, अर्जदार मी. प्रकल्प २० लाखांचा. म्हणजे १ लाख आमचे, १९ लाख बँकेचे, आणि त्यात ७ लाख अनुदान.

अर्ज बाईच्या नावावर असला की धंदा नवऱ्याचा आणि सही बायकोची, असं सगळे धरूनच चालतात. बँकेत साहेब प्रश्न मला विचारायचे आणि उत्तरासाठी ह्यांच्याकडे बघायचे. ह्यांनीच एकदा सांगितलं, "साहेब, मला नळी जोडता येते. रुपयाचं विचारायचं तर हिला विचारा." त्यानंतर खुर्ची माझ्याकडे वळली. खरी अडचण वेगळीच होती. २३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली होती. साहेबांचं म्हणणं, प्लास्टिकवर बंदी आणि तुम्ही प्लास्टिकचा कारखाना काढताय! बंदी पिशव्या, थर्माकोलची ताटं, एकदा वापरून फेकायच्या वस्तू यांवर आहे आणि आम्ही कचरा संपवणारे आहोत, हे पटवायला अधिसूचनेची प्रत अधोरेखित करून न्यावी लागली. योजनेच्या स्वतःच्या निषिद्ध यादीतही रिसायकल प्लास्टिकच्या पिशव्या आणि खाद्यपदार्थांची भांडी आहेत. आमचा दाणा त्यांत जाणार नाही, हे प्रकल्प अहवालात स्वच्छ लिहिलं, तेव्हा फाईल हलली.

त्या काळात दोन प्रकारचे लोक भेटले, अजूनही भेटतात. एक दलाल: "फाईल मी टाकतो, दहा टक्के माझे." अर्ज ऑनलाइन आहे, फुकट आहे, आणि तेव्हा मुलाखतीला जिल्हा समितीपुढे अर्जदारालाच बसावं लागायचं. दुसरा कोटेशन फुगवून देणारा. यंत्र दहाचं, बिल तेराचं. म्हणजे खिशातून हिस्सा घालायला नको, वर अनुदानही वाढतं. ऐकायला गोड वाटतं. पण फुगलेल्या तीन लाखांवरचं व्याज आणि हप्ते तुम्हीच फेडता, आणि तपासणीला माणूस आला की तेराचं यंत्र दाखवायचं कुठून? एका विक्रेत्याने ते सुचवलं तसं आम्ही त्याच्या दुकानातून उठलो. यंत्रं शेवटी अहमदाबादहून आणली: ग्राइंडर, धुण्याची टाकी, चुऱ्याच्या गोळ्या करणारं अॅग्लो, माल वितळवून डाय म्हणजे साच्यातून त्याची वायर काढणारा एक्सट्रूडर, त्या वायरचे दाणे कापणारा कटर.

आता त्या सात लाखांबद्दल. मंजुरी आली म्हणून ते हातात पडत नाहीत. बँकेत तुमच्या कर्जखात्याशेजारी मुदत ठेव म्हणून तीन वर्षं पडून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर बँक व्याज लावत नाही. म्हणजे कर्ज १९ लाखांचं, व्याज १२ लाखांवर. तीन वर्षांनी कुणीतरी येऊन कारखाना चालू आहे का ते पाहतं, मगच रक्कम कर्जात वळती होते. स्त्रीधन आपल्या नावाचं पण किल्ली सासूच्या कमरेला, तशातली गत. मध्ये कारखाना बंद पडला की ते पैसे परत जातात. मला हा नियम चांगला वाटतो. ज्यांना अनुदान घेऊन पळायचं असतं ते ह्या अटीनेच गळतात.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दोन संमती लागतात, उभारणीची वेगळी आणि चालवण्याची वेगळी. आमचा उद्योग नारिंगी, म्हणजे मध्यम प्रदूषणाच्या, गटात. ही कागदपत्रं यंत्र येण्याआधी सुरू करा. आमचं यंत्र शेडमध्ये येऊन बसलं आणि संमतीच्या कागदासाठी ताटकळलं. हप्त्याची सवलतीची मुदत तोवर सरत होती.

आत येऊन काम पाहिलंत तर यंत्रापेक्षा जास्त वेळ निवडाईत जातो. शेडच्या दारात आमच्या बाया बसतात. समोर नळ्यांचं वेटोळं. इनलाइन नळीत ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारा तुकडा, आतच असतो आणि तो बहुधा त्याच जातीच्या प्लास्टिकचा, म्हणून ती सरळ ग्राइंडरला जाते. बाहेरून ड्रिपरचं बटण खोचलेल्या नळीचं तसं नाही. बटण पीपीचं, नळी एलएलची, म्हणजे प्लास्टिकच्या दोन वेगळ्या जाती. प्रत्येक बटण उपटून काढायचं, जॉइनर कापायचा, टोकाची अडकवलेली तार सोडवायची. सगळ्यांत वाईट रबरी ग्रोमेट, जोडावर बसवायची चकती. मेन लाइनकडच्या टोकाला चिकटून येतं, मातीत माखलेलं असतं, दिसत नाही. ते एक्सट्रूडरमध्ये गेलं की जाळी तुंबते, डायमधून येणारी वायर फुगते आणि तुटते, आणि पाण्याच्या टाकीवरून ती पुन्हा कटरपर्यंत ओढत नेताना कामगाराचे शिव्याशाप ऐकावे लागतात. शंका आली की तुकडा पेटवून वास घेतो. मेणासारखा वास आला तर आपला माल, नाक झोंबलं तर पीव्हीसी. पाण्यात टाकलं तरी कळतं. पीव्हीसी बुडतं, आमचा माल तरंगतो. धुण्याच्या टाकीत खाली बसलेला गाळ आम्ही शेतकऱ्याला देत नाही. काळीभोर, केळीच्या वावरातली माती असते, मागायला येतात. पण तिच्यात प्लास्टिकचा कीस असतो.

उत्पादन २०१९ मध्ये सुरू झालं. जळगाव चटईचं गाव, तिथं रिसायकल दाण्याला कायम मागणी; आम्हाला वाटलं गिऱ्हाईक दारातच आहे. पण चटईला पीपी लागतो, आमचा दाणा एलएलचा. शेवटी काळा पाइप बनवणारे शोधावे लागले. आमची बटणं मात्र पीपीवाले आनंदाने नेतात.

नंतर मार्च २०२०. टाळेबंदीत कारखाना बंद. त्यातच कच्च्या तेलाचे भाव कोसळले आणि नवा दाणाच स्वस्त झाला. नवा दाणा स्वस्त मिळत असेल तर आमचा कोण घेणार? ऑगस्टपर्यंत हप्त्यांना सवलत होती. शिवाय बाकी कर्जाच्या २० टक्के इतकं तारणाशिवाय तातडीचं कर्ज केंद्राच्या हमीवर मिळालं. कारखाना वाचला तो ह्या कर्जाने. ते अनुदान नव्हतं, फेडावंच लागलं, पण त्या वेळी कामाला तेच आलं. कारण आमच्या धंद्यात अडतं ते यंत्रापाशी नाही, मालापाशी. शेतकरी आणि फेरीवाला काट्यावरच रोख मागतो, आणि ते बरोबरच आहे. दाणा घेणारा दोन-दोन महिन्यांनी पैसे देतो. मधली सगळी रक्कम आमची. अनुदानाच्या योजना यंत्राभोवती आखलेल्या असतात. प्रकल्प अहवालात खेळतं भांडवल कमी धरलं की पहिल्याच मोसमात श्वास लागतो. केळीची बाग काढली की नळ्या एकदम येतात. त्या वेळी हातात पैसे नसले तर माल गुजरातेला जातो.

उधारीवर थोडा उतारा पडला तो आयकराच्या ४३बी(एच) कलमाने. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ठरल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिलं नाही तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही. मार्च २०२४ मध्ये आमच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांनी न मागता पैसे पाठवले. तिसऱ्याने विचारलं, "ताई, तुमची उद्यम नोंदणी रद्द करता का?" म्हणजे लघु उद्योग म्हणून आमची नोंद गेली की त्याला ही मुदत नको. त्याच्याशी व्यवहार थांबवला.

आता ईपीआर, म्हणजे माल बाजारात आणणाऱ्यावरच त्याच्या कचऱ्याची जबाबदारी. फेब्रुवारी २०२२ च्या नियमांपासून प्लास्टिक पॅकेजिंग वापरणाऱ्या कंपन्यांना तेवढं प्लास्टिक रिसायकल झाल्याची प्रमाणपत्रं घ्यावी लागतात आणि ती नोंदणीकृत रिसायकलरकडूनच. गावात चर्चा झाली की आम्हाला आता घरबसल्या पैसे मिळणार. नियम वाचला तर तो फक्त पॅकेजिंगला लागू. ठिबकची नळी पॅकेजिंग नव्हे. बांधावर जळणारा टनावारी माल आम्ही उचलतो, त्याचं एकही प्रमाणपत्र निघत नाही. त्याच जातीची दुधाची पिशवी धुतली की निघतं. हे मला आजही पटत नाही. वर २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत लाखोंनी बनावट प्रमाणपत्रं निघाली. तेव्हापासून खऱ्या माणसाकडेही वीजबिल आणि वजनपावत्या पुन्हा पुन्हा मागतात. मागू देत. आमच्याकडे आहेत, आडतीवर शिकलेली सवय.

म्हणूनच विस्तार ठरवला तो दुधाच्या पिशव्या आणि पातळ फिल्म धुण्याच्या लाइनचा. ह्याच योजनेत चांगल्या चाललेल्या जुन्या युनिटला दुसरं कर्ज मिळतं: उत्पादनासाठी १ कोटीपर्यंतचा प्रकल्प, अनुदान १५ टक्के. अट अशी की पहिलं अनुदान वळतं झालेलं हवं आणि पहिलं कर्ज वेळेत फिटलेलं हवं. इथं ३५ टक्क्यांची सवलत नाही. ४० लाखांच्या प्रकल्पावर ६ लाख. हिशेब मांडून पाहिला तेव्हा अनुदान बाजूला ठेवूनही लाइन परवडते का, हेच आधी तपासलं. परवडत होती, म्हणून अर्ज केला. नवी लाइन आता चालू आहे. भंगाराच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून फिल्म घ्यायची तर १८ टक्के जीएसटी आधी भरायचा. ऑक्टोबर २०२१ पर्यंत तो ५ टक्केच होता. वजावट मिळते, पण पैसे अडकतात, म्हणून शक्य तितका माल बचत गटांच्या बायांकडून थेट घेतो.

केळी-कलिंगडाखालचा मल्चिंग पेपर घेता का, असं प्रत्येक उन्हाळ्यात विचारतात. नाही घेत. तो २५-३० मायक्रॉनचा. उन्हाने कुजलेला, ओढला की चिंध्या होतात आणि वजन केलं तर निम्म्याच्या वर माती. ट्रॅक्टरचं भाडं, धुण्याचं पाणी, घट असं सगळं जमेला धरलं तर फुकट मिळूनही तोटा. त्यासाठी यंत्राला कितीही टक्के दिले तरी उपयोग नाही. गोळा केलेल्या किलोमागे काही दिलं, तर आम्ही उद्यापासून काटा लावू. उद्योग केंद्राच्या बैठकीत हे दोनदा मांडलं आहे. तोवर आमच्याकडे इनलाइन नळी, बटण काढलेली नळी आणि दुधाच्या धुतलेल्या पिशव्या रोखीने घेतल्या जातात. मेन लाइनचा पीव्हीसी वेगळा बांधून आणा.