मोहाखालची पहाट

९ एप्रिल, रात्री साडेनऊ

आज दिवसभर फोटो वेगळे करत बसले. मी इथे ताडोबाच्या बफरमध्ये, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या, गावं असलेल्या पट्ट्यात, इंटर्नशिपला आले आहे. आमचे कॅमेरे वाटेच्या दोन्ही अंगांना, समोरासमोर, गुडघाभर उंचीवर बांधलेले आहेत. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात, म्हणून दोन्ही बाजू लागतात. त्यावरूनच कोणता वाघ ते ठरतं. कॅमेरा ऊब आणि हालचाल टिपतो. उन्हाळ्यात तापलेलं गवत हललं तरी फोटो निघतो. ते सगळे काढून टाकायचे आणि उरलेल्यांचे गठ्ठे करायचे: वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्रे, चितळ, गुरं, माणसं.

आमच्या या वाटेवर माणसांचा गठ्ठा सगळ्यात मोठा निघाला.

दुपारी एका फोटोवर हात थांबला. पहाटे ४ वाजून ३८ मिनिटांनी वाघीण गेलेली. त्याच वाटेवर, त्याच कॅमेऱ्यात, ५ वाजून १० मिनिटांनी टोपली घेतलेली बाई. चेहरा नव्हता, पण लुगड्याचा काठ ओळखीचा होता. ज्यांच्या ओसरीवर मी रोज संध्याकाळी चहा पिते, त्या मावशी. मधली बत्तीस मिनिटं मी बोटांवर मोजली, दोनदा.

मार्चमध्ये मी पहिल्यांदा त्यांच्या दारात गेले ती पत्रक घेऊन. पहाटे आणि सांजेला जंगलात जाणं टाळा, एकट्याने जाऊ नका. मी मोठ्याने वाचून दाखवलं. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "पोरी, मोह काय दुपारी पडते का वं?"

मला उत्तर देता आलं नाही. मोहफूल रात्रीतून गळायला लागतं आणि पहाटे झाडाखाली सडा असतो. उशीर केला की चितळं, गुरं, अस्वलं तो संपवतात. घरातल्या मीठमिरचीचा, पोरांच्या वह्यांचा पैसा या थोड्या आठवड्यांत उभा करायचा असतो. फुलं नीट दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पाला पेटवतात आणि तीच आग कधी जंगलात शिरते. 'पाला जाळू नका' हेही माझ्या पत्रकात होतं. मग काय करायचं, ते नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्यासोबत गेले. चार बाया, गार्डभाऊ आणि मी. आधी खराट्याने पाला ओढून बाजूला केला. फूल हातात घेतलं तर गरगरीत, रसाने भरलेलं, बोटांना चिकटणारं. वास इतका गोड की घशात उतरतो. मी वेचायला वाकणार तोच गार्डभाऊ म्हणाले, "तुम्ही वाकू नका. उभ्या रहा, चारी बाजूंनी बघत." वेचणाऱ्या बाया तर तासभर वाकलेल्याच असतात. खाली मान, पाठ जंगलाकडे. उभं राहून ती पाठ राखताना मला पहिल्यांदा भीती म्हणजे काय ते कळलं, आणि ती रोज बाजूला ठेवून टोपली भरणं म्हणजे काय तेही.

आमच्या वर्ध्याकडे बाबा हरभऱ्यात जागलीला जातात, रोही (नीलगाई) आणि डुकरं हाकायला. थंडीत रात्ररात्र. भीती वाटते का, असं मी त्यांना कधी विचारलं नाही. आज फोन करून विचारलं. ते बराच वेळ बोलले.

आठवडाभराच्या शिबिरात हे मला कळलं नसतं. इंटर्नशिप दोन महिन्यांची हवी, आणि ती मोहाच्या किंवा तेंदूच्या हंगामात हवी, परीक्षांचं वेळापत्रक हलवावं लागलं तरी. ज्याला पुढे या क्षेत्रात काम करायचं आहे, त्याने आधी टोपलीशेजारी उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

माणसांचे फोटो आम्ही कुणाला दाखवत नाही, तो नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण वाघिणीची वेळ मी संध्याकाळी गार्डभाऊंना सांगितली. उद्यापासून पीआरटीची, म्हणजे गावातल्या प्राथमिक प्रतिसाद पथकाची, दोन पोरं बायांच्या पुढे चालतील. मावशींना म्हटलं, थोडं उजाडल्यावर निघू या का? त्यांनी हिशेब केला, शेजारणीला हाक मारून विचारलं, मग म्हणाल्या, "साडेपाचले निंगू. पण त्याच्यापुढं नाई."

त्यांच्याकडे एकच टॉर्च आहे. माझ्या टॉर्चमध्ये नवे सेल घातलेत, उशाशी ठेवलाय.