तुम्ही विचारलंत म्हणून: झोनेनआलेवरचे शेजारी

बर्लिनला आमच्याकडे उतरलेला पाहुणा तिसऱ्या-चौथ्या दिवशी हा प्रश्न विचारतोच. संध्याकाळी मी त्याला झोनेनआले या रस्त्यावर फिरवून आणते. इथले लोक त्याला अरबांचा रस्ता म्हणतात. गरम कुनाफा खाऊन हेरमानप्लाट्सच्या स्टेशनाकडे परतताना तो म्हणतो, "याच भागात इस्रायलीही राहतात म्हणालीस ना? ते कॉम्प्युटरवाले नि कलाकार, आणि हे पॅलेस्टिनी चाळीस वर्षं झाली तरी शावर्म्याच्या नाहीतर मोबाइलच्या दुकानात. असं का गं?" अलिबागहून फोनवर बोलणारे बाबांचे एक मित्र तर प्रश्नाबरोबर उत्तरही देतात: "शेवटी ते रक्तातच असावं लागतं."

दर वेळी चालता चालता दोन वाक्यांत उत्तर द्यायचा प्रयत्न करते आणि दर वेळी ते अपुरं पडतं. म्हणून एकदा बसून लिहिते आहे.

आधी एक अडचण सांगते. या दोन समाजांच्या उत्पन्नाचे, शिक्षणाचे आकडे शेजारी-शेजारी मांडायचे म्हटले तर जर्मनीत ते नीट मांडताच येत नाहीत. इस्रायली माणूस इस्रायली म्हणून आला तर त्या रकान्यात जातो, जर्मन किंवा पोलिश पासपोर्टवर आला तर दिसतच नाही. आणि पॅलेस्टिनी माणसाची नोंद कधी लेबनीज, कधी जॉर्डनी, कधी सीरियन, कधी 'राष्ट्रीयत्व नाही', आणि पुष्कळदा 'राष्ट्रीयत्व अस्पष्ट' अशी होत आली आहे. ज्याच्या नावाचा रकानाच नाही त्याची सरासरी कशी काढणार? म्हणून मी आकड्यांऐवजी माझ्या जिन्यावरची माणसं सांगते.

पहिल्या मजल्यावर एक आजी राहतात. मूळ गाव गालीलमधलं, म्हणजे आताच्या उत्तर इस्रायलमधलं, पण त्यांनी ते पाहिलेलं नाही. आईवडील १९४८ मध्ये, इस्रायल स्थापन होतानाच्या युद्धात, लेबनॉनमध्ये आले आणि आजींचा जन्म सैदाजवळच्या ऐन अल-हिलवेच्या छावणीत झाला. लेबनॉनने या निर्वासितांना नागरिक करून घेतलं नाही. डॉक्टरी, वकिली, इंजिनिअरी अशा कितीतरी व्यवसायांची दारं त्यांना बंद होती. २००१ मध्ये तर घर-जमीन नावावर करून घेण्यावरही बंदी आली. १९७५ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, आणि १९८४ मध्ये आजी आणि त्यांचे यजमान दोन मुलांना घेऊन निघाले.

ते बर्लिनला कसे पोचले, हे ऐकताना मला नेहमी नवल वाटतं. विमान पूर्व जर्मनीच्या श्योनेफेल्ड विमानतळावर उतरायचं. पूर्व जर्मनी पुढे जाण्यापुरता व्हिसा द्यायची. मग शहरी रेल्वेने फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशन, आणि तिथून पश्चिम बर्लिन. पश्चिमेकडचे अधिकारी त्या बाजूला पासपोर्ट तपासत नव्हते, कारण तपासला तर शहराच्या मधोमध असलेली ती रेघ सरहद्द म्हणून मान्य केल्यासारखं झालं असतं. शीतयुद्धातल्या त्या हट्टाच्या फटीतून हजारो माणसं आत आली.

आत आली, पण पुढे काय? आश्रय मिळाला नाही. परत पाठवावं तर लेबनॉन घेईना. मग त्यांच्या हाती जो कागद पडला त्याचं नाव डुल्डुंग. शब्दाचा अर्थ आहे 'खपवून घेणं'. हा राहण्याचा परवाना नव्हे. 'तुमची हद्दपारी तूर्त थांबवली आहे' एवढंच तो सांगतो. मुदत तीन महिने, सहा महिने. मुदत संपली की पुन्हा रांग, पुन्हा शिक्का. बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं कामाची परवानगी नव्हती. शहराबाहेर जायलाही परवानगी लागायची. आणि सगळ्यात वाईट गोष्ट लोकांना माहीतच नसते: डुल्डुंगवर काढलेली वर्षं कायदेशीर वास्तव्यात धरत नाहीत. २००० पासून जर्मनीने परदेशी आईबापांच्या इथे जन्मलेल्या मुलांना जन्माने नागरिकत्व द्यायला सुरुवात केली. अट होती, आई किंवा वडील आठ वर्षं कायदेशीरपणे राहिलेले असावेत. पंधरा वर्षं इथे असलेल्या माणसाची ती आठ वर्षं भरत नव्हती. त्याला रोज कामावर बोलावणारा मालक भेटला तरी तो जाऊ शकत नव्हता. त्याच्या मुलाला सुताराकडे किंवा गॅरेजमध्ये रीतसर शिकाऊ म्हणून कोण घेणार? मालक विचारायचा, पुढच्या सहा महिन्यांनी तू असशील का?

अशा वेळी माणूस कुठे जातो? चुलतभावाच्या दुकानात. तिथे कागद विचारत नाहीत. तो शावर्मा, ते मोबाइलचं दुकान त्यातून आलं. आणि खरं सांगायचं तर त्यातून गुन्हेगारीही आली. इथली वर्तमानपत्रं ज्या 'कुटुंबांच्या टोळ्यां'बद्दल लिहितात त्या काही निव्वळ कल्पना नाहीत, आणि आमच्या आजींइतकं त्यांना शिव्या देणारं माणूस मी पाहिलेलं नाही. पण सरकार ज्याला तीस वर्षं दारात उभं ठेवतं तो घराण्याला धरून राहतो, एवढं समजायला मला समाजशास्त्र शिकावं लागलं नाही.

आता तिसरा मजला. तिथे तेल अवीवचं एक जोडपं आहे. तो आवाजाचं तंत्र सांभाळतो, ती प्रोग्रामर. तिची आजी बर्लिनचीच. नात्सींनी जर्मन ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं होतं, आणि जर्मन राज्यघटनेच्या ११६व्या कलमानुसार ते त्यांच्या वंशजांना परत मागता येतं. तिने मागितलं. उतरली त्याच दिवसापासून ती जर्मन होती. ज्यांचे आजी-आजोबा पोलंड-हंगेरीचे, त्यांनी ते देश २००४ मध्ये युरोपीय संघात आल्यावर तिथले पासपोर्ट काढले आणि ते बर्लिनला आले.

याचा मला हेवा वाटत नाही. ज्या आजीचं सगळं हिरावून घेतलं, तिच्या नातीला एक पासपोर्ट परत मिळाला, तर ते देणं होतंच. पण तुलना करताना हे विसरून कसं चालेल? ही माणसं पळून आलेली नाहीत, स्वतःच्या मर्जीने आलेली आहेत. बहुतेक विद्यापीठात शिकलेली, काही सैन्यातल्या तांत्रिक तुकड्यांत तयार झालेली. नाही जमलं तर परतायला देश आहे. आणि तरी सगळे काही सुखवस्तू नाहीत. २०१४ मध्ये बर्लिनमधल्या एका इस्रायली तरुणाने इथल्या चॉकलेट पुडिंगची पावती फेसबुकवर टाकली, तिकडच्यापेक्षा किती स्वस्त ते दाखवायला, आणि सगळ्या इस्रायलमध्ये गदारोळ झाला. महागाईला कंटाळून निघालेली, कॅफेत कपबशा उचलून चित्रकलेचा वर्ग भरणारी मुलं मी इथे पाहते. शिवाय देश सोडल्याचा एक डंखही त्यांच्या मनात असतो. इस्रायलला येणाऱ्याला हिब्रूत 'वर चढणारा' म्हणतात आणि सोडून जाणाऱ्याला 'खाली उतरणारा'. १९७६ मध्ये पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी अशा लोकांची दुबळ्यांतला गाळ म्हणून संभावना केली होती. पुढे त्यांनी ते शब्द मागे घेतले, पण तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीची आई तिला अजून फोनवर ते ऐकवते.

'रक्तात असावं लागतं' म्हणणाऱ्यांना मी इथे थांबवते आणि आमच्या चौथ्या मजल्यावर नेते. तिथे हैफाचा एक डॉक्टर राहतो. पॅलेस्टिनी. इस्रायलच्या नागरिकांत पाचातला एक अरब आहे, त्यांतला तो एक. वैद्यकी शिकायला जर्मनीत आला, इस्रायली पासपोर्टवर, रीतसर परवाना घेऊन. आज रुग्णालयात हाडांच्या शस्त्रक्रिया करतो. त्याचे पणजोबा आणि आजींचे आजोबा यांच्या गावांत काही तासांचं अंतर. भाषा तीच, स्वयंपाक तोच, ईद तीच. १९४८ मध्ये एक कुटुंब सरहद्दीच्या आत राहिलं, दुसरं पलीकडे गेलं. तिथपासून त्यांचे कागद बदलले आणि पुढचं सगळं त्यामागोमाग आलं. हा डॉक्टर म्हणतो की घरी, इस्रायलमध्ये, तो दुय्यम आहे असं त्याला पदोपदी जाणवतं. पण त्याच्याकडे एक चालणारा पासपोर्ट होता, आणि आजींच्या मुलांकडे तो नव्हता.

हे फक्त बर्लिनचंच आहे असंही नाही. चिलीला जाऊन पाहा. अरब जगाबाहेर सर्वांत जास्त पॅलेस्टिनी वंशाचे लोक चिलीत आहेत, काही लाख. बेथलेहेम, बैत जाला, बैत साहूर इथले ख्रिस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिकडे जाऊ लागले. ऑटोमन पासपोर्टवर गेले म्हणून लोक त्यांना 'तुर्क' म्हणून हिणवायचे. पाठीवर बोचकं घेऊन ते गावोगाव सुया, कंगवे, कापड विकत हिंडले. पण तिथे त्यांना दुकान काढता आलं, जमीन घेता आली, नागरिक होता आलं. बेथलेहेमहून गेलेल्या यारुर कुटुंबाने सान्तियागोत सुती कापडाची मोठी गिरणी काढली, बँक चालवली. १९२० मध्ये स्थापन झालेला पालेस्तीनो हा फुटबॉल क्लब दोनदा देशाचा विजेता ठरला. चिलीत म्हणतात, प्रत्येक गावात एक पाद्री, एक पोलीस आणि एक पॅलेस्टिनी असतोच. एल साल्वादोरमध्ये २००४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत समोरासमोर उभे असलेले दोन मुख्य उमेदवार, आंतोनियो साका आणि शाफिक हान्दाल, दोघेही बेथलेहेमच्या वंशाचे. तिथे जाऊन कुणी विचारत नाही की पॅलेस्टिनी मागे का राहतात.

मग कुवेत. १९९० च्या आधी तिथे जवळपास चार लाख पॅलेस्टिनी होते. शिक्षक, इंजिनिअर, सरकारी कारकून. त्या देशाच्या शाळा त्यांनी उभ्या केल्या म्हटलं तरी चालेल. 'यांना शिक्षणाची किंमत नाही' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पण नागरिकत्व नव्हतं. इराकने कुवेत गिळलं, पॅलेस्टिनी नेतृत्वाने सद्दामची बाजू घेतली, आणि युद्ध संपल्यावर जवळजवळ सगळा समाज उखडला गेला. चाळीस वर्षांचा संसार काही महिन्यांत आवरायला लागला.

आणि इस्रायली म्हणजे तरी एकच का? मी अलिबागची. आमच्या लहानपणी तिथली मराठी ज्यूंची इस्रायल आळी जवळजवळ रिकामी झालेली होती, सिनॅगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, मात्र होतं. माझी आजी सांगायची, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. तिची एक मैत्रीण पन्नासच्या दशकात इस्रायलला गेली ती नेगेव वाळवंटातल्या दिमोना गावी, आणि कापडाच्या गिरणीत लागली. बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या या ज्यूंना, तिथे काय सोसावं लागलं हे आपल्याकडे फार बोललं जात नाही. ते खरे ज्यू आहेत का, त्यांची लग्नं लावायची का, यावर तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली. चौकशीचे नियम निघाले. कोकणातल्या त्या माणसांनी आंदोलन केलं, तेव्हा १९६४ मध्ये संसदेने ठराव केला की ते सर्व बाबतींत समान आहेत. बर्लिनला येणाऱ्या प्रोग्रामरांत मला अजून दिमोनाचं कुणी भेटलेलं नाही. तेव्हा 'इस्रायली यशस्वी' म्हणताना कोणते इस्रायली, हे विचारायलाच हवं.

माझंही सांगते, कारण आमच्या मराठी मित्रमंडळींत हा विषय निघाला की "आपण बघा, दहा वर्षांत घर घेतलं" असं कुणीतरी म्हणतंच. मी २०१३ मध्ये ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्यावर, आले. नोकरीचं पत्र हातात, विमानाचं तिकीट कंपनीचं. जर्मनची बी-वन परीक्षा दिली आणि एकवीस महिन्यांनी कायमचा परवाना मिळाला. त्या दिवशी मी पेढे वाटले. आजींनाही दिले. त्यांनी विचारलं, किती वर्षं लागली? मी महिने सांगितले. त्यांना वाटलं, माझं जर्मन चुकतंय.

मेहनत मी केली, नाही कशाला म्हणू? पण आजींच्या मुलानेही केली, पहाटे चारपासून, काकाच्या बेकरीत, बिनकागदी. त्याची कुठे नोंद नाही.

सगळं कागदानेच घडतं असं मी म्हणत नाही. युद्धातून आलेल्या बापाचं घुमेपण, छावणीतलं अर्धवट शिक्षण, मुलग्यांना फार सूट आणि मुलींना फार धाक, हेही मी पाहिलंय. शनिवारी मी तळमजल्यावरच्या खोलीत शेजारच्या मुलांना गणित शिकवते. अपूर्णांकात मुली पुढे असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्रायलवर हल्ला केला आणि गाझात युद्ध पेटलं, त्यानंतर कित्येक आठवडे मुलं गप्प होती. आजींच्या नणंदेची माणसं गाझात होती, त्यांतली काही आता नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीची मावसबहीण त्या हल्ल्यात, ७ तारखेला, मारली गेली. मग ही मुलगी मेट्रोत फोनवर हिब्रू बोलेनाशी झाली. जिन्यात ती आणि आजी समोरासमोर आल्या तेव्हा आजींनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत नेऊन दिली. गुडघे दुखत असताना. दोघींनी एक शब्द काढला नाही.

तुमचा प्रश्न मी एकदा आजींनाच सांगितला. चहाला बसलो होतो. नात भाषांतर करायला कचरत होती, पण मी म्हटलं, सांग. आजींनी ऐकून घेतलं आणि उठून आतून एक कापडी पिशवी आणली. तिच्यात सगळ्या डुल्डुंग होत्या, १९८४ ते २०००, तांबडी तिरकी रेघ असलेल्या, काहींवर मुलांचे फोटो, दर फोटोत थोडे मोठे. त्यांनी त्या तारखेप्रमाणे टेबलावर लावल्या. टेबल पुरलं नाही, म्हणून उरलेल्या सोफ्यावर. एक्केचाळीस. नात मोजत होती, तिने त्या आधी कधी पाहिल्या नव्हत्या. ती आता परिचारिकेचं शिक्षण घेते आहे, तिच्याकडे जर्मन पासपोर्ट आहे. तिने एक उचलून वडिलांचा फोटो बघितला, सात-आठ वर्षांचा मुलगा, विंचरलेले केस. आजींनी तो कागद तिच्या हातातून काढून घेतला, बाकीच्यांत ठेवला आणि पिशवीला गाठ मारली.