आईला शब्द कळावेत म्हणून: टीव्हीला होम थिएटर जोडतानाचा माझा अनुभव

नवा टीव्ही आला आणि पंधरा दिवसांत आईने एकटीने टीव्ही बघणं जवळपास सोडून दिलं. "चित्र छान आहे गं, पण बोलतात काय ते कळत नाही," एवढंच म्हणायची. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर यायचं, कमी केला की माणसं पुटपुटायला लागायची. वय झालं, कान थकले, असं मी धरून चालले होते. मग एका संध्याकाळी तिच्या खुर्चीत बसून, डोळे मिटून ऐकलं. माझेही बरेच शब्द निसटत होते.

कारण तसं सरळ आहे. टीव्ही जितका पातळ, तितकी आत स्पीकरला जागा कमी. बहुतेक पातळ टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे आवाज आधी भिंतीवर नाहीतर टेबलावर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. त्यात वयानुसार आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. स्वरांमध्ये जोर असतो, पण शब्दाचा अर्थ व्यंजनं सांभाळतात. 'स', 'श', 'ट', 'फ' ही सगळी वरच्या पट्टीतली मंडळी. ती धूसर झाली की 'सात' म्हटलं की 'साठ' हे चेहऱ्याकडे बघून ओळखावं लागतं, आणि पडद्यावरचा माणूस पाठमोरा असेल तर तेही नाही.

घरात एक जुनं ५.१ होम थिएटर कपाटावर पडून होतं. डीव्हीडी प्लेअर आणि ॲम्प्लिफायर एकाच डब्यात, सोबत पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खालच्या पट्टीच्या घुमणाऱ्या आवाजांसाठीचा स्पीकर. ५.१ मधल्या पाचांपैकी एक असतो सेंटर स्पीकर, टीव्हीच्या बरोबर खाली ठेवायचा. प्रत्येक स्पीकरसाठी आवाजाची वेगळी धार असते, तिला चॅनल म्हणतात. चित्रपटांत आणि मालिकांत संवाद मुख्यतः सेंटरच्या चॅनलवर असतात, संगीत आणि इतर आवाज बाकीच्यांत वाटले जातात. म्हणजे संवाद वेगळे काढून त्यांचाच आवाज वाढवता येतो. मला हवं होतं ते एवढंच. आणि दुसरी अट, आईला मी घरात नसतानाही हे सगळं एकाच रिमोटवर चालवता आलं पाहिजे.

सुरुवात वायरींपासून केली. जुन्या वायरींची टोकं काळी पडली होती, म्हणून ती कापून टाकली, सेंटीमीटरभर प्लास्टिक सोललं, आतले तांब्याचे धागे चिमटीत धरून पीळ दिला आणि स्पीकरमागची स्प्रिंगची पट्टी दाबून आत सरकवले. लाल भोकात एक, काळ्या भोकात एक. पाचही झाले, डबा चालू केला, तर पडद्यावर 'प्रोटेक्ट' अशी अक्षरं आली आणि तो स्वतःहून बंद पडला. पोटात गोळा आला. लगेच प्लग काढला आणि एकेक स्पीकर हातात घेऊन टॉर्चने पाहिला. मागच्या उजव्या स्पीकरचा केसाएवढा एक धागा पिळातून सुटून शेजारच्या काळ्या पट्टीला टेकला होता. तेवढ्यानेही शॉर्ट होतं, आणि ॲम्प्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. धागा परत पिळला, डबा नीट चालू झाला. तेव्हापासून मी सोलण्यापेक्षा पिळायलाच जास्त वेळ देते.

मग टीव्हीशी जोडणी. डब्याच्या मागे दोन वाटा होत्या: एक ऑप्टिकल इनपुट, आणि चित्र-आवाज दोन्ही एकाच केबलमधून नेणारं एकुलतं एक एचडीएमआय, ज्यावर 'आउट' लिहिलं होतं. 'आउट' म्हणजे बाहेर जाणारं, त्यातून आवाज आत कसा येणार, असं म्हणून मी ऑप्टिकलची वाट धरली. ही पद्धत जुनी, तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली. तिला टॉसलिंक म्हणतात ते त्यावरूनच. विजेऐवजी प्रकाशाने आवाज पाठवायचा. एक गोष्ट मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती: नव्या ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकची बारीक टोपणं असतात. ती इतकी घट्ट आणि इतकी स्वच्छ असतात की केबलचाच भाग वाटतात. मी एक काढलं, दुसरं तसंच राहिलं, आणि प्लग काही केल्या बसेना. जोर लावायच्या आधी थांबले हे बरं झालं, कारण टीव्हीच्या बाजूचं इवलंसं झाकण सहज मोडलं असतं. दोन्ही टोपणं निघाल्यावर प्लग 'टक' करून बसला. सिग्नल येतोय का हे बघायची सोपी खूण आहे: दुसरं मोकळं टोक तळहातासमोर धरायचं. टीव्ही चालू असेल तर हातावर लाल ठिपका पडतो. माझ्या हातावर पडला.

टीव्हीच्या मेनूत जाऊन आवाज 'टीव्ही स्पीकर'ऐवजी 'ऑप्टिकल'वर केला, डब्यावर 'ऑप्टिकल' इनपुट निवडलं, आणि आवाज आला. भरघोस आला. पण सेंटर स्पीकरला कान लावला तर तो गप्प. आवाज होता तो पुढच्या दोन स्पीकरमधून आणि सबवूफरमधून. ज्याच्यासाठी एवढी खटपट, तोच मुका.

गुंता टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये होता. 'डिजिटल ऑडिओ आउटपुट' नावाच्या ओळीत 'पीसीएम' निवडलेलं होतं. पीसीएम म्हणजे टीव्ही आवाज स्वतः उलगडतो आणि तयार करून पाठवतो. ऑप्टिकलमधून असा उलगडलेला आवाज फक्त दोन चॅनलचा जाऊ शकतो, डावा आणि उजवा. पाच चॅनल हवे असतील तर आवाज गुंडाळलेल्या गठ्ठ्यासारखा, डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसच्या रूपात पाठवावा लागतो, आणि तो गठ्ठा डब्याने सोडायचा असतो. मी ती ओळ 'डॉल्बी डिजिटल'वर नेली. डब्याच्या पडद्यावर ५.१चा दिवा लागला आणि सेंटर बोलायला लागला. पडद्यावरची बाई दार लावून घेत आपल्या मुलाला काहीतरी समजावत होती, आणि तिचा शब्द न् शब्द टीव्हीच्या खालून, समोरून, स्वच्छ येत होता. मी स्वयंपाकघरातून आईला हाक मारली. ती येऊन बसली आणि पाच मिनिटं काही बोललीच नाही, ऐकत राहिली.

इथे थांबले असते तर काम झालं होतं, पण दुसरी अट राहिली होती. ऑप्टिकल केबल फक्त आवाज नेते, रिमोटची आज्ञा नेत नाही. म्हणजे टीव्ही एका रिमोटने लावायचा, डबा दुसऱ्याने, आवाज कमी-जास्त दुसऱ्यानेच, चॅनल परत पहिल्याने. दुसऱ्याच दिवशी आईने चुकून डब्याचं इनपुट बदललं आणि मी येईपर्यंत तीन तास आवाजाविना टीव्ही बघितला. "तुला कामात फोन कशाला करायचा," म्हणाली. ते मला फार लागलं.

म्हणून मी त्या 'आउट' लिहिलेल्या एचडीएमआयकडे परत वळले. भिंग घेऊन पाहिलं तर 'आउट'च्या खाली बारीक अक्षरांत 'एआरसी' छापलेलं. ऑडिओ रिटर्न चॅनल. २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर ही सोय आली. तोवर एचडीएमआयमधून आवाज-चित्र एकाच दिशेने, उपकरणाकडून टीव्हीकडे जायचं. एआरसीने त्याच केबलमधून टीव्हीचा आवाज उलट दिशेने, म्हणजे डब्याकडे यायची वाट उघडली. नावात 'आउट' असलं तरी आवाज आत येतो तो असा. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं सोपं आहे, पण हे लक्षात यायलाच मला दोन दिवस लागले.

टीव्हीच्या बाजूनेही तसंच आहे. तीन एचडीएमआय भोकं असली तरी एआरसी बहुधा एकाच भोकावर असतं, आणि तिथे ते लिहिलेलं असतं. केबल दुसऱ्या भोकात खुपसली तर डीव्हीडीचं चित्र दिसेल, पण टीव्हीचा आवाज डब्याकडे कधीच जाणार नाही. मी केबल बरोबर भोकात लावली, तरी शांतता. अडलं होतं सीईसीवर. एका केबलला जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना आज्ञा द्यायची ही व्यवस्था आहे, आणि अनेक टीव्हींवर ती चालू केल्याशिवाय एआरसी जागं होत नाही. गंमत अशी की मेनूत 'सीईसी' हे नाव क्वचितच सापडतं. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक, पॅनासोनिक व्हिएरा लिंक. सीईसी शोधत बसलात तर मिळणार नाही, आपल्या टीव्हीचं नाव माहीत हवं. टीव्हीवर ते चालू केलं, डब्याच्या मेनूतही 'एचडीएमआय कंट्रोल' चालू केलं, दोन्ही बंद करून प्लग काढून मिनिटभर थांबले, मग आधी टीव्ही आणि नंतर डबा लावला. टीव्हीच्या रिमोटचं आवाजाचं बटण दाबलं आणि आकडा डब्यावर हलला!

तरी एक खोड उरली होती. बातम्या ऐकू यायच्या, पण ॲपमधली मालिका लावली की सगळे स्पीकर बंद. जोडणी बदलताना मी आवाजाचं सेटिंग 'पास-थ्रू'वर नेलं होतं, जसाच्या तसा आवाज म्हणजे सगळ्यात चांगला असं वाटून. मालिकेचा आवाज होता डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये. एआरसी तो वाहून नेतं, पण माझ्या जुन्या डब्याला तो उलगडता येत नाही. त्याला फक्त साधं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस येतं. टीव्ही बिचारा पाठवत होता आणि डबा समजू शकत नव्हता. सेटिंग परत 'डॉल्बी डिजिटल'वर आणलं, तेव्हा टीव्ही स्वतः रूपांतर करून पाठवायला लागला. तुमचा डबा जुना असेल आणि काही कार्यक्रमांनाच आवाज गायब होत असेल, तर आधी इथेच बघा. केबल बदलायला धावू नका. नव्या यंत्रणांत ईएआरसी असतं, २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ बरोबर आलेलं. त्यातून जड, न दाबलेला आवाजही जातो. पण जुन्या डब्याला त्याचा उपयोग नाही आणि आईच्या मालिकांना त्याची गरज नाही.

यापुढचं काम कानांचं. मला वाटतं खरा फरक इथेच पडला, आणि बहुतेक लोक हेच करायचं सोडून देतात. सेंटर स्पीकर मी टेबलाच्या खालच्या कप्प्यात, आत ढकलून ठेवला होता. तो बाहेर कडेला आणला आणि पुढच्या बाजूखाली रबराची पाचर घालून तोंड जरा वर, आईच्या खुर्चीत बसल्यावर कान येतात तिकडे केलं. व्यंजनांचे आवाज सरळ रेषेत जातात, त्यांच्या वाटेत लाकूड आलं की ती वाट बंद. मग प्रत्येक स्पीकरचं खुर्चीपासूनचं अंतर टेपने मोजून डब्यात भरलं. आवाजाला एक मीटर कापायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. अंतर सांगितलं की डबा जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवतो. सेंटरचा आवाज ३ डेसिबलने वाढवला. सबवूफर कोपऱ्यात होता, तिथे तो घुमायचा आणि खालचा घुमारा वरच्या शब्दांना झाकून टाकायचा. त्याला कोपऱ्यातून हातभर बाहेर काढलं आणि त्याचा आवाज निम्म्याहून कमी केला.

एवढं करूनही संगीत पोकळ वाटत होतं, आवाज मधोमध यायच्या ऐवजी खोलीभर पसरलेला. पुढच्या डाव्या स्पीकरवर शंका आली. त्याच्या वायरीवरची खुणेची रेघ पुसट झाली होती. वायर डब्यातून काढली आणि दीड व्होल्टचा सेल त्या टोकांना क्षणभर टेकवला, धन टोक लाल भोकाकडे जाणाऱ्या तारेला. जाळी काढून ठेवली होती. स्पीकरचा पडदा बाहेर यायला हवा होता, तो आत गेला. म्हणजे तारा उलट. एक स्पीकर हवा ढकलत असताना दुसरा ओढत होता. तारा अदलाबदल केल्या आणि आवाज एकदम भरीव झाला.

शेवटी ओठ आणि शब्द. टीव्हीला चित्रावर प्रक्रिया करायला वेळ लागतो, त्यामुळे आवाज अंमळ आधी पोचत होता. बातम्या देणारीच्या 'प' आणि 'म' कडे बघत डब्यातला विलंब दहा-दहा मिलिसेकंदांनी वाढवत गेले, कारण ही अक्षरं ओठ मिटूनच निघतात. साठावर जुळलं. बातम्यांचा आवाज दोनच चॅनलचा येतो, म्हणून त्यासाठी डब्यातलं प्रो लॉजिक चालू ठेवलं. डाव्या-उजव्यात जे सारखं असतं ते ते सेंटरला देतं, आणि बोलणं बहुधा दोन्हींत सारखंच असतं.

सगळ्या वायरींच्या दोन्ही टोकांना कागदी चिठ्ठ्या लावल्या, डब्याच्या पाठीचा फोटो काढून ठेवला, दुसरा रिमोट खणात ठेवला. आता टीव्ही लावला की पहिले काही सेकंद आवाज टीव्हीतूनच येतो, मग डबा 'टक' करून जागा होतो आणि आवाज खाली, सेंटरमध्ये उतरतो. आई तो 'टक' ऐकते आणि मगच रिमोट मांडीवरून खाली ठेवते.